वळिवड्याच्या बराकीतल्या दोन शाळा

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की कोल्हापुरातील मध्यमवर्गीय घरांतून एक वाक्य हटकून ऐकू येते : "रविवारी गांधीनगरला जाऊन येऊ." पडद्याचे कापड असो, मुलांचे शर्ट असोत, की भाऊबिजेच्या साड्या असोत, गांधीनगरच्या पेठेतून आणले म्हणजे चार पैसे वाचतात, अशी आमच्याकडची जुनी समजूत आहे आणि ती अगदीच खोटी नाही. गेल्या वर्षी आम्हीही गेलो. यजमान, मी आणि सातवीत शिकणारी आमची कन्या. दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एवढ्या गर्दीत कापडाची घडी घालता घालता एका तरुणाने मान वर केली आणि म्हणाला, "मॅडम, ओळखलंत का?"

मास्तरकी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव ओठांवर येत नाही. त्यानेच आठवण करून दिली. सहा वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात तो माझ्यापुढे बसत असे. मग खुर्च्या आल्या, चहा आला, आणि गादीवर लोडाला टेकून बसलेल्या त्याच्या आजोबांशी ओळख झाली. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण नजर तल्लख आणि मराठी स्वच्छ, कोल्हापुरी वळणाची. नातवाने माझे नाव सांगताच आजोबा हसले आणि म्हणाले, "म्हणजे 'मूळ गाव'वाल्या मॅडम त्या तुम्हीच!"

मी क्षणभर गोंधळले. आणि मग आठवले, तेव्हा हातातला चहा गार होईपर्यंत तो प्यायचे भान राहिले नाही.

झाले होते ते असे. त्या वर्षी निबंधासाठी मी 'माझे गाव' हा विषय दिला होता. आपल्या शाळा-कॉलेजांतून वर्षानुवर्षे चालत आलेला, बिनधोक विषय. मुले नदी लिहितात, ग्रामदैवत लिहितात, जत्रा लिहितात, मामाची विहीर लिहितात. या मुलाने मात्र गांधीनगरच्या एका गल्लीवर लिहिले होते. दुकानांच्या फळ्या, मालाचे गठ्ठे, सकाळी गाड्या रिकाम्या करणारे हमाल. शेवटी एक ओळ होती, आमचे दुसरे गाव आहे, पण ते आम्ही पाहिलेले नाही. मी त्याखाली लाल शाईने शेरा मारला होता, 'गाव म्हणजे मूळ गाव. विषय सोडून लिहिले आहे.' आणि गुण कापले होते.

"पोरगं घरी आलं आणि मला विचारू लागलं, दादा, आपलं मूळ गाव कसं होतं ते सांगा, मला मार्क पाहिजेत," आजोबा सांगत होते. त्यांच्या स्वरात राग नव्हता. "मी म्हटलं, अरे, मी आठ वर्षांचा होतो. मला आठवतं एक अंगण आणि एक खाट. आता एवढ्यावर काय निबंध होणार?"

माझी कन्या माझ्याकडे पाहत होती. शिक्षकाला आपल्या मुलांसमोर आपली चूक ऐकावी लागणे ही शिक्षा काही लहान नव्हे. पण त्या दुपारी आजोबांनी पुढे जे सांगितले, आणि नंतर वर्षभर मी जे वाचले, त्यातून मला एक गोष्ट उमगली. घर सुटलेल्या मुलाला शिकवणे म्हणजे काय, याचा एक मोठा धडा माझ्या कॉलेजपासून बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर पडून होता, आणि मराठीची अध्यापिका म्हणवून घेणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

पहिली शाळा

आज जेथे गांधीनगरची पेठ आहे, तेथे सिंधी मंडळी येण्यापूर्वी दुसरेच एक गाव वसलेले होते. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरच्या वळीवडे स्टेशनाजवळ १९४३ साली कौलारू बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांत सुमारे पाच हजार पोलिश माणसे येऊन राहिली. बहुतेक सगळ्या स्त्रिया आणि मुले.

ही माणसे पंचगंगेच्या काठी आली कशी? १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएट रशिया अशी दोन्हीकडून चाल झाली. पूर्वेकडच्या भागांतून १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत लाखो पोलिश माणसांना मालगाडीच्या डब्यांत घालून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेण्यात आले. पुढे हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा १९४१ च्या जुलैमध्ये करार होऊन या लोकांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहिली आणि १९४२ मध्ये ती फौज व तिच्याबरोबरची बायकामुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. सैनिक लढाईवर गेले. बायकामुलांना कोठे ठेवायचे, हा प्रश्न उरला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ मुलांना आसरा दिला. आणि मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला झाली. येताना त्यांतल्या अनेकांचा मुक्काम कराचीच्या तात्पुरत्या छावणीत पडला होता. कराचीचे हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

छावणी उभी राहिली आणि लगोलग शाळा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, बालवीरांची पथके, प्रार्थनामंदिर, नाटके. ज्यांच्याजवळ दोन धड कपडे नव्हते, त्यांनी सर्वांत आधी शाळेची घंटा टांगावी, याचे आपल्याला नवल वाटते. पण आईच्या दृष्टीने पाहिले तर यात नवल काहीच नाही. घर गेले, शेत गेले, नवरा रणांगणावर. हातात राहिले काय, तर मूल. आणि त्याची बुडालेली वर्षे.

ही बुडालेली वर्षे हीच मास्तरांपुढची पहिली अडचण. शाळेत आलेले मूल वयाने बारा वर्षांचे, पण दहाव्या वर्षानंतर त्याने पुस्तक पाहिलेले नाही. काहींनी मधल्या काळात रशियन शाळेत रशियन मुळाक्षरे गिरवलेली, आपल्याच भाषेची अक्षरे विसरलेली. कोणी लहान भावंडांना सांभाळत हजारो मैल आलेली, रांगेत उभे राहून भाकरी आणलेली. अशा मुलीला वयाने चिमुरड्या पोरांच्या बाकावर कसे बसवायचे? आपल्याकडे इयत्ता वयावर ठरते. येथे वयाचा आणि इयत्तेचा काडीमोड झालेला. अंकगणितात कच्ची असलेली ही मुलगी जगण्याच्या हिशेबात आपल्या बाईंच्याही पुढे असायची.

दुसरी अडचण भुकेची. इराणात आणि हिंदुस्थानात आल्यावर पोटभर मिळू लागले, तरी ही मुले पावाचे तुकडे उशीखाली लपवून ठेवीत, अशा आठवणी त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. ताटात आज आहे ते उद्या असेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. ज्या मुलाचा उद्याच्या पावावर विश्वास नाही, त्याला उद्याचा गृहपाठ कसा द्यायचा? रोज त्याच वेळी घंटा, त्याच वेळी जेवण, त्याच जागी तेच बाक, तीच बाई. या साध्या गोष्टींचे मोल अशा शाळेत पुस्तकापेक्षा अधिक असते. आपल्याला कंटाळवाणे वाटणारे वेळापत्रक त्या मुलांना दिलेले आश्वासनच होते.

आणि शिकवणारी माणसे तरी कोण? तीही निर्वासितच. त्यांनीही तोच प्रवास केलेला, त्यांचीही माणसे वाटेत दगावलेली. पुस्तके अपुरी. काही पोलिश क्रमिक पुस्तके मध्यपूर्वेत छापून निघत, पण ती सर्वांना कोठून पुरणार? फळ्यावर लिहायचे, मुलांनी उतरवून घ्यायचे, ते उतरवलेले हेच पुस्तक. बालवीरांचे काम पाहायला आलेले झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे फौजेतले अधिकारी. कातिनच्या ज्या हत्याकांडात हजारो पोलिश अधिकारी मारले गेले, त्यातून ते दैवाने वाचलेले होते. अशा माणसाने मुलांना शेकोटीभोवती गाणी म्हणायला शिकवायची! पुढे ते धर्मगुरू झाले.

परंतु सर्वांत अवघड तास असेल तो भूगोलाचा. यातील बहुसंख्य मुले पूर्व पोलंडची, ल्वूव, विल्नो या भागांतली. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे तीन मोठ्या राष्ट्रांचे पुढारी जमले आणि पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकली. त्या मुलांची गावे सोव्हिएट संघात गेली. जुलैमध्ये इंग्लंडने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली, आणि या छावणीचा कारभार ज्याच्या नावाने चालत होता ते सरकारच कागदावरून पुसले गेले. अशा वेळी वळिवड्याच्या बराकीत फळ्यावर पोलंडचा नकाशा काढायला हात उचललेल्या बाईंनी सीमारेषा कोठून काढली असेल? जुन्या जागेवरून काढावी तर मुलांना खोटी आशा दाखवल्यासारखे. नव्या जागेवरून काढावी तर त्यांच्या घरावर आपल्याच हाताने काट मारल्यासारखे. या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेले नाही. पण माझ्या लाल शेऱ्याची आठवण मात्र झाली. त्या बाईंनी आपल्या विद्यार्थ्याला 'मूळ गाव' या विषयावर निबंध लिहायला सांगितला असता काय?

१९४६ मध्ये बालाचडी बंद झाली, तेथली उरलेली मुले वळिवड्याला आली. आणि १९४८ पर्यंत वळिवडेही रिकामे झाले. काही पोलंडला परतली, बरीचशी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आहे. संध्याकाळी भेळ खायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्यावरचा मजकूर वाचला आहे, हे मी विचारत नाही; कारण मीही वाचला नव्हता.

दुसरी शाळा

बराकी फार दिवस ओस राहिल्या नाहीत. फाळणी होऊन गेली होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि तोवर 'थांबू या, पाहू या' म्हणणाऱ्या सिंधी हिंदूंचा धीर सुटला. आगबोटींनी माणसे मुंबईला उतरू लागली. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत सर्वांत मोठा जमाव गेला. १९४९ च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते जेथे उल्हासनगरचा पाया घातला गेला तेच हे ठिकाण. इतर अनेक छावण्यांतही माणसे पाठवण्यात आली. त्यांतली एक वळिवड्याची. पोलिश मुले कराचीहून ज्या बराकींत आली, त्याच बराकींत पाच वर्षांनी सिंधी मुले कराचीहून आली.

आमचे आजोबा त्या मुलांपैकी एक.

"आमचे मास्तर आमच्यासारखेच आलेले," ते म्हणाले. "सर्टिफिकेट तिकडे राहिलं, म्हणून पगाराचं नक्की नाही. हजेरी घ्यायचे तेव्हा रोज दोन-चार नावं कमी. कुणाच्या वडिलांना पुण्याला धंदा मिळाला, कुणाचा काका उल्हासनगरला सापडला. मास्तर नाव पुकारायचे, थोडं थांबायचे, आणि पुढं जायचे. त्या नावावर काट मारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही."

मुले दुपारनंतर वर्गात टिकत नसत, कारण घरात कमावते हात कमी. पापड, गोळ्या, कापडाचे तुकडे घेऊन ती फेरीला जात. तो काळ सर्वच सिंधी छावण्यांतून असा होता. मुंबईच्या लोकलगाड्यांत वस्तू विकणारी पोरे पुष्कळांनी पाहिली आहेत. मास्तरांनी मग कडक गणित सकाळी घेतले आणि दुपारच्या तासाला धंद्याचेच हिशेब घातले. "पाढे आम्हाला मास्तरांनी शिकवले, पण पाठ झाले ते गिऱ्हाइकामुळे," आजोबा मिस्कीलपणे म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितली ती वहीची गोष्ट. सिंधी भाषा तेव्हा शाळेत अरबी वळणाच्या, बावन्न अक्षरांच्या लिपीत लिहिली जाई. ही लिपी १८५३ साली इंग्रजी अमलात पक्की झालेली, उजवीकडून डावीकडे जाणारी. मराठी आणि हिंदी डावीकडून उजवीकडे. वह्या महाग. तेव्हा मुलांनी युक्ती केली. एकाच वहीत उजव्या टोकापासून सिंधी आणि डाव्या टोकापासून मराठी. दोन्ही भाषा दोन्हीकडून सरकत यायच्या आणि वहीच्या मध्यावर कोठेतरी भेटायच्या. गणिताचे आकडे मात्र दोन्ही लिपींत डावीकडूनच लिहायचे, एवढाच काय तो दिलासा.

हा विषय निघाला तेव्हा माझ्यातली भाषेची अध्यापिका जागी झाली. कारण लिपीचा प्रश्न त्या काळी केवळ मुलांच्या वहीपुरता नव्हता. १९४९ साली केंद्र सरकारने सिंधीसाठी देवनागरी लिपी ठरवली. एका पक्षाचे म्हणणे, आता या देशात राहायचे तर येथली लिपी घ्यावी. मुलांवर दोन लिप्यांचे ओझे कशाला? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, गाव गेले ते गेले, निदान वाङ्मय तरी राहू द्या. लिपी तोडली की शाह अब्दुल लतीफांपासूनचा सगळा ठेवा नातवंडांना परका होईल. वाद एवढा झाला की १९५१ मध्ये दोन्ही लिप्यांना मान्यता द्यावी लागली. दोन्ही पक्ष मुलांच्याच हिताचे बोलत होते, आणि दोघांचेही खरे होते. या खऱ्या-खऱ्याच्या झगड्यात मास्तरांनी मात्र सोमवारी सकाळी फळ्यावर काय लिहायचे, ते ठरवायचे होते.

येथे आपण मराठी माणसांनी एक गोष्ट आठवावी. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील १८५५ साली निघालेली जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, आणि सिंधी व्यापाऱ्यांच्या खुदाबादी लिपीला १८६८ च्या सुमारास नेटके रूप देण्याचे काम याच वैद्यांकडे होते. म्हणजे सिंधी मुलाने काय आणि कसे लिहावे याचा विचार एका मराठी माणसाने सिंधमध्ये जाऊन केला होता. सिंधी मुले जेव्हा आमच्या दारात आली, तेव्हा तेवढा विचार आम्ही केला काय?

त्या मुलांना मराठी शिकताना काय जड गेले असेल, याचा मी नंतर विचार केला. सिंधीत लिंगे दोनच. आमचे नपुंसकलिंग त्यांना ठाऊक नाही. 'ळ' त्यांच्याकडे नाही. आणि 'चहा'तला च वेगळा, 'चमचा'तला वेगळा, पण अक्षर एकच. हे आम्ही मराठी माणसे जन्मतः शिकतो आणि दुसऱ्याला मात्र तो चुकला की हसतो. उलट त्यांच्या सिंधीत ग, ज, ड, ब या चार वर्णांची आणखी चार भावंडे आहेत. ती उच्चारताना श्वास बाहेर न सोडता आत ओढावा लागतो. देवनागरीत ती लिहिताना अक्षराखाली रेघ देतात.

आजोबांनी माझ्या कन्येला जवळ बोलावले. "म्हण, बारु," ते म्हणाले. तिने म्हटले. "याचा अर्थ ओझं. आता श्वास आत घेऊन म्हण, ॿारु." तिने तीन-चारदा प्रयत्न केला; जमेना. सगळे हसले. "ॿारु म्हणजे मूल," आजोबा म्हणाले. "आमचे मास्तर सांगायचे, श्वास आत घेतला तर मूल, बाहेर टाकला तर ओझं. नीट बोला!"

त्या मास्तरांना उच्चारच शिकवायचा होता, हे मी जाणते. पण घरी येईपर्यंत ते दोन शब्द माझ्या मनातून गेले नाहीत.

आजचे वर्ग

वाचक म्हणतील, ही सगळी पाऊणशे वर्षांपूर्वीची कथा. तसे असते तर फार बरे झाले असते. निर्वासितांचे काम पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने २०२३ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे जगात शाळेत जाण्याच्या वयाची निर्वासित मुले सुमारे एक कोटी ४८ लाख होती, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक शाळेबाहेर होती.

आपल्याच देशात १९५९ नंतर तिबेटी मुले आली. १९६० च्या मे महिन्यात, जम्मूकडच्या रस्त्याच्या कामांवर राबणाऱ्या आईबापांची ५१ मुले धर्मशाळेला आणली गेली आणि तेथे बालगृह सुरू झाले. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी ते सांभाळले. या मुलांच्या मदतीला गेलेल्यांत वांडा डिनोव्स्का या पोलिश विदुषी होत्या. गांधीजींनी त्यांना उमादेवी हे नाव दिले होते. आणि पोलिश निर्वासित मुलांना हिंदुस्थानची ओळख करून देण्याचे काम त्यांनी आधीच केलेले होते. आपल्या महाराष्ट्रात पूर्वीच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात १९७२ पासून नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. त्यांच्या शाळांपुढचा प्रश्नही तोच : इंग्रजी-हिंदी शिकवून नोकरीला लायक करायचे, की तिबेटी शिकवून तिबेटी ठेवायचे? १९८५ नंतर त्यांनी प्राथमिक वर्गांत तिबेटी माध्यमाकडे वळण्यास आरंभ केला.

बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या आले. त्यांची बोली चितगावच्या बोलीला जवळची. तरीही तेथल्या वर्गांत बंगाली शिकवण्याची परवानगी नव्हती, कारण ही माणसे परत जाणार असे सरकारचे धोरण. एका वर्गात दोन शिक्षक : बांगलादेशी शिक्षक इंग्रजी आणि गणिताला, रोहिंग्या शिक्षक बर्मी भाषेला. पुढे २०२१ नंतर म्यानमारचा अभ्यासक्रम आणण्यात आला. म्हणजे ज्या देशाने हाकलले त्या देशाचे क्रमिक पुस्तक, आणि ज्या देशाने आसरा दिला त्याची भाषा वर्गाबाहेर! त्या रोहिंग्या मास्तरांनी मुलांना हे कसे समजावले असेल?

आणि सर्वांत विलक्षण गोष्ट पोलंडची. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि लक्षावधी युक्रेनी बायकामुले सीमा ओलांडून पोलंडमध्ये आली. वळिवड्याच्या मुलांचे ल्वूव आज युक्रेनमधले ल्विव्ह आहे. बरीच युक्रेनी मुले पोलंडमध्ये बसून संगणकावर युक्रेनची शाळा करीत राहिली. मन घरच्या शाळेत, पाय परक्या गावात. शेवटी १ सप्टेंबर २०२४ पासून पोलंडने त्यांना पोलिश शाळेत येणे सक्तीचे केले. त्यात मुलांचे हित आहे, यात शंका नाही. पण दोन शाळांचे दप्तर वाहणाऱ्या त्या मुलांचे मन मला गांधीनगरच्या दोन टोकांच्या वहीमुळे थोडेफार कळते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सामधील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा आमच्या शहराचे नाव एकदम वर्तमानपत्रांत झळकले. आम्हाला अभिमान वाटला. अभिमान वाटायला हरकत नाही. मात्र त्याबरोबर त्या शाळेतला धडाही घ्यावा.

तो धडा काय? मी काही शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. पण वर्षभराच्या वाचनातून जे समजले ते साध्या शब्दांत सांगते. अशा मुलाला दयेची गरज असते, पण दया पुरेशी नसते. 'बिचारा' म्हणून गुण वाढवणारा शिक्षक त्याला गुण कापणाऱ्या माझ्याइतकाच दूर ठेवतो. त्याच्याकडून काही अपेक्षा केली, म्हणजेच त्याला उद्या आहे हे कबूल केल्यासारखे होते. वळिवड्याच्या बायांनी परीक्षा घेतल्या, गांधीनगरच्या मास्तरांनी उजळणी चुकल्यावर ओरडा दिला. त्याचे महत्त्व मला आता कळते. दुसरे, त्याला आपली कथा सांग म्हणून डिवचू नये, आणि सांगू लागला तर थांबवू नये. तिसरे, नवी भाषा देताना जुनी काढून घेऊ नये. वहीला दोन टोके असतात, हे शिक्षकाने विसरू नये.

हे धडे केवळ परदेशच्या छावण्यांपुरते नाहीत. धरणात गाव गेलेली मुले, साखर कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची मुले, शहरात बांधकामावरून बांधकामावर हिंडणारी मुले आपल्या वर्गांत आहेत. त्यांना कोणी निर्वासित म्हणत नाही, एवढेच.

सिंधी समाजाने पुढे काय केले ते आपण जाणतोच. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. सिंध-हैदराबादचे नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा उभे राहिले. साधू वासवानींच्या मीरा चळवळीच्या शाळेने पुण्यात मूळ धरले. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. पण मी आजोबांना विचारले, "घरात सिंधी कोण वाचतं?" त्यांनी स्वतःकडे बोट दाखवले. मुलाला बोलता येते, नातवाला समजते, पणतू इंग्रजी शाळेत जातो. एवढे सांगून त्यांनी गिऱ्हाइकाकडे लक्ष दिले, आणि मीही पुढे विचारले नाही.

निघताना मी त्या नातवाला म्हटले, "अरे, त्या निबंधाचे गुण मी चुकीचे दिले होते." तो लाजला. "जाऊ द्या मॅडम, पास झालो ना!" असे म्हणून त्याने पडद्याच्या कापडात माझ्या मनाई करण्याकडे दुर्लक्ष करून अर्धा मीटर जास्त घातले.

यंदा निबंधाचा विषय देताना मी 'माझे गाव' काढून टाकला नाही. गाव असलेल्या मुलांवर तो अन्याय झाला असता. मी त्याच्याखाली एक ओळ वाढवली : 'ज्या जागेला तुम्ही आपली म्हणता, अशा कोणत्याही जागेविषयी लिहिले तरी चालेल.' साठ वह्या आल्या. त्यांत एक ऊसतोड कामगाराच्या मुलीची आहे. तिने बैलगाडीच्या साट्याखालच्या सावलीवर दीड पान लिहिले आहे. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, त्या मी लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. आणि विषयाला धरून लिहिल्याबद्दल पूर्ण गुण दिले आहेत.

आमची कन्या मात्र अजून अधूनमधून आरशासमोर उभी राहून श्वास आत ओढून 'ॿारु' म्हणायचा प्रयत्न करते. परवा तिला ते जमले. या दिवाळीला गांधीनगरला गेलो की ती आजोबांना म्हणून दाखवणार आहे.